सत्त्याण्णवचा आकडा कोणत्या गाडीचा? वेगमर्यादेच्या एका ई-चलानाचं न्यायालयीन प्रकरण

वेगमर्यादा ओलांडल्याचं दोन हजार रुपयांचं चलान. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढू नका, असं बहुतेक वकील सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. या प्रकरणातल्या माणसालाही माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका वकिलाने हाच सल्ला दिला होता. तो एका कारखान्याच्या कामगार बसवर ड्रायव्हर. चलान मात्र बसवर नव्हतं, त्याने घेतलेल्या जुन्या खासगी कारवर होतं. समोर बसून त्याने पहिलंच वाक्य टाकलं : “मॅडम, दोन हजाराचं काय नाय. लायसन गेलं तर मी करू काय?”

त्याची भीती अनाठायी नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली तर एक ते दोन हजार रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला एक शेपूट जोडलं. हाच गुन्हा दुसऱ्यांदा झाला, तर कलम २०६(४) प्रमाणे परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचा. त्यातून तो निलंबित होऊ शकतो, रद्दही होऊ शकतो. लोकांना वाटतं, तडजोडीची रक्कम भरली की विषय मिटला. कलम २०० मधली तडजोड खटला संपवते हे खरं, पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की तडजोड झाली म्हणून २०६(४) ची कारवाई टळत नाही. शिवाय २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचा राज्यांना निर्देश आहे, की अतिवेगासारख्या गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. माझ्या अशिलाने २०२२ मध्ये वेगाचंच एक चलान रस्त्यावर थांबवल्यावर जागच्या जागी भरलं होतं. म्हणजे आताचं दुसरं. पगारी ड्रायव्हरचा परवाना तीन महिने गेला तर कारखाना त्याची वाट बघत बसत नाही.

त्याच्या नावावर या चलानासोबत आणखी दोन चलानं थकलेली होती, एक नो पार्किंगचं आणि एक सीटबेल्टचं. ती दोन्ही खरी असल्याचं त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, ती आजच भरून टाका. जे केलंय ते नाकारून जे केलं नाही त्यासाठी लढायला उभं राहिलं, की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. त्याने माझ्यासमोरच मोबाइलवरून दोन्ही भरली.

मग वेगाचं. “खरं सांगा, किती होता?” तो म्हणाला, “ऐंशीच्या आसपास. काटा बघत नव्हतो मी. पण शंभरला टेकलो नव्हतो. डाव्या लेनला होतो, पुढं ट्रक होता.” मला हे उत्तर आवडलं. “बरोब्बर अठ्ठ्याहत्तर होता” असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा असा अशील कोर्टात जास्त टिकतो.

चलानातला मजकूर असा : मे २०२३ ची तारीख, दुपारची वेळ, महामार्गाचं नाव आणि जवळचं गाव, मर्यादा ताशी ८० किलोमीटर, नोंदवलेला वेग ९७, वेग मोजणाऱ्या गनपासूनचं अंतर ३१२ मीटर. सोबत एक फोटो. हे सगळं त्याला कळलं तब्बल तीन महिन्यांनी. जुनी गाडी नावावर करताना आरटीओच्या एजंटाने मोबाइल नंबरच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकला होता. हे सर्रास चालतं, कारण ओटीपी यायला त्यांना ते सोयीचं पडतं. चलानाचा एसएमएस एजंटाला गेला आणि त्याच्याकडे रोज येणाऱ्या ढिगात हरवला. ऑगस्टअखेर लोक अदालतीचा मेसेज आला, तेव्हा एजंटाने तो व्हॉट्सॲपवर अशिलाला पाठवला. नोंदणी पुस्तकावर नाव आणि पत्ता मात्र अशिलाचाच होता, आणि अचूक होता. हा तपशील पुढे सगळ्यात मोलाचा ठरला.

९ सप्टेंबर २०२३ ला राष्ट्रीय लोक अदालत होती. अशील तिथे गेला, रांगेत उभा राहिला, टेबलापाशी पोचल्यावर “फोटोतली गाडी माझी आहे, पण वेग माझा नाही” म्हणाला. त्याला सांगण्यात आलं, इथे भरायचं असेल तर भरा. यात त्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याची चूक नाही. लोक अदालत तडजोडीसाठी असते. गुन्हा घडला की नाही, हे ठरवायचा अधिकार तिला नाही. दोन्ही बाजूंचं जमलं नाही, तर प्रकरण आपल्या नेहमीच्या वाटेने जातं. पण मेसेजची भाषा अशी असते, की न्यायालयाने दंड ठोठावलाच आहे असं वाचणाऱ्याला वाटावं. चलान म्हणजे आरोप. तो सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. एवढी साधी गोष्ट लोकांना माहीत नसते, म्हणून कितीतरी जण न केलेल्या गुन्ह्याचेही पैसे भरून मोकळे होतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोक अदालतीतून परतल्यावर आम्ही वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज दिला : चलान मान्य नाही, तडजोड करायची नाही, प्रकरण न्यायालयात पाठवावं, आणि फोटोची मूळ प्रत, उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र व सूचना पाठवल्याचा पुरावा मिळावा. पोचेचा शिक्का घेतला. ऑक्टोबरच्या मध्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खटला दाखल झाला आणि समन्स निघालं.

कोणता मुद्दा घ्यायचा, कोणता सोडायचा

अशा प्रकरणात वकिलाचं निम्मं काम नको ते मुद्दे टाकून देण्याचं असतं. अशिलाने ऐकीव मुद्द्यांची यादीच आणली होती.

पहिला, सहा महिन्यांचा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तेव्हा ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मुद्दा भक्कम आहे आणि जुन्या चलानांत खरोखर उपयोगी पडतो. पण मुदत मोजायची ती खटला दाखल झाल्याच्या दिवसापर्यंत, न्यायालयाने दखल घेतल्याच्या दिवसापर्यंत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच हे ठरवून दिलंय. मे ते ऑक्टोबर, म्हणजे आमचं प्रकरण मुदतीत होतं. मुद्दा बाद.

दुसरा, मर्यादेचा फलक नसल्याचा. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १०० पर्यंत मुभा आहे. त्याहून कमी मर्यादा लावायची तर राज्याला कलम ११२ खाली ती ठरवून फलक लावावा लागतो. अशिलाला फलक दिसल्याचं आठवत नव्हतं. मी स्वतः तिथे जाऊन आले. फलक होता, ८० चा, स्वच्छ दिसणारा, योग्य जागी. हाही मुद्दा बाद.

तिसरा, ‘कोसाइन’चा. स्पीडगन रस्त्याच्या कडेला, तिरकी धरलेली असते म्हणून वेग चुकतो, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. कोनामुळे फरक पडतो हे खरं, पण तो चालकाच्या फायद्याचा असतो. तिरक्या कोनातून यंत्र खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. हा मुद्दा कोर्टात काढला असता, तर सरकारी वकिलांनी तो हसतहसत मान्य केला असता.

राहिले दोन.

एक फोटोचा. फोटोत गाड्या दोन होत्या. डाव्या लेनमध्ये अशिलाची पांढरी कार, नंबर स्पष्ट. उजव्या लेनमध्ये तिला ओलांडून थोडी पुढे आलेली दुसरी पांढरी कार, तिच्या नंबरची पाटी फोटोच्या कडेला अर्धी कापलेली. नेम दाखवणारी अधिक चिन्हासारखी (+) खूण दोन्ही गाड्यांच्या मधे, उजव्या गाडीच्या दिव्याला जवळजवळ चिकटलेली. लेझर गनचा झोत रडारसारखा पसरट नसतो, साधारण तीन मिलिरेडियन फाकतो. म्हणजे तीनशे मीटरवर त्याची रुंदी जेमतेम एक मीटर. नेम नेमका लागला तर हे यंत्र फार विश्वासाचं. पण हातात धरून तीनशे मीटरवर शेजारशेजारच्या दोन गाड्यांतली एक टिपायची, तर मनगट बारीकसं हललं तरी झोत शेजारच्या गाडीवर जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात चलानासोबत गुन्हा आणि नंबरपाटी दोन्ही दाखवणारा स्पष्ट फोटो मागितला आहे, तो उगाच नाही.

दुसरा मुद्दा कलम २०९ चा. हे कलम फारसं कोणी वाचत नाही. वेगाच्या किंवा धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात आरोपीला दोषी ठरवायचं, तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते : गुन्हा घडला तेव्हाच त्याला खटल्याची ताकीद दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि जागा सांगणारी नोटीस त्याला अथवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली असावी किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेलं असावं. यामागचा विचार साधा आणि माणुसकीचा आहे. अमुक दिवशी अमुक वळणावर आपण किती वेगात होतो, हे कोणाला तीन महिन्यांनी आठवणार? दोन आठवड्यांत कळलं, तर सोबत कोण होतं, पुढे ट्रक होता का, कोणाच्या गाडीत डॅशकॅम होता, हे शोधता तरी येतं. अशिलाच्या पुढच्या त्या ट्रकचा माग तीन महिन्यांनी आम्हाला काही केल्या लागला नाही.

साक्ष

पहिल्या तारखेला पुकारा झाला, न्यायाधीशांनी आरोपाचा आशय वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का? अशील म्हणाला, “नाही.” मागच्या बाकांवर माना वळल्या. त्या दिवशी बोर्डावरचे बाकी सगळे चलानवाले कबुली देऊन दंड भरून निघाले होते. जातमुचलका लिहून दिला, तारीख पडली. पुढच्या काही तारखांना आम्ही गैरहजेरी माफीचा अर्ज देत राहिलो, नाहीतर प्रत्येक खेपेला त्याची एक पाळी बुडाली असती. खर्चाचा हिशेब मांडला तर हे प्रकरण तोट्याचंच होतं, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात चलान करणाऱ्या अधिकाऱ्यांची साक्ष झाली. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत, त्यांनी उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र दाखल केलं. ते चालू वर्षाचं होतं, अनुक्रमांकही जुळत होता. कलम १८३(३) प्रमाणे नुसत्या नजरेच्या अंदाजावर एका साक्षीदाराच्या भरवशावर कोणाला दोषी ठरवता येत नाही, यंत्राचा आधार लागतो. तो आधार त्यांच्याकडे रीतसर होता. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याप्रमाणे लागणारं कलम ६५ब चं प्रमाणपत्र खटल्यासोबत नव्हतं, ते त्यांनी साक्षीच्या दिवशी दिलं. मी हरकत घेतली, ती फेटाळली गेली, आणि कायद्याने ते योग्यच होतं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत : प्रमाणपत्र हवंच, पण सुनावणी संपायच्या आत ते नंतरही देता येतं.

उलटतपासात मी आवाज चढवला नाही. समोरचा माणूस भर मेमध्ये डांबरावर उभा राहून आपलं काम करत होता. वेगाने माणसं मरतात, आणि ती थांबवायला कोणीतरी तिथे उभं असावंच लागतं. मला फक्त फोटोबद्दल विचारायचं होतं.

“गन स्टँडवर होती?”
“नाही, हातात.”
“वेग कोणत्या गाडीचा आला, हे कशावरून ठरतं?”
“खूण ज्या गाडीवर असते, त्या गाडीचा.”
फोटो त्यांच्या हातात दिला. “या फोटोत खूण कोणत्या गाडीवर आहे?”
ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “दोन्हीच्या मध्ये दिसते.”
“उजव्या गाडीच्या जास्त जवळ?”
“हो.”
“उजव्या गाडीवर चलान झालं?”
“नंबर पूर्ण आलेला नाही.”

यावर मी पुढचा प्रश्न विचारला नाही. नंबर वाचता आला म्हणून डाव्या गाडीवर चलान झालं का, असं विचारायचा मोह होतो. पण तो प्रश्न साक्षीदाराला स्पष्टीकरणाची वाट उघडून देतो. उत्तर नोंदलं गेलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

मग नोटिशीचं. नोटीस कशी पाठवली? एसएमएसने, त्याच दिवशी. टपालाने? नाही. नोंदणी पुस्तकावरचा पत्ता तुमच्या यंत्रणेत दिसतो का? दिसतो.

सरकारी वकिलांनी इथे चांगला युक्तिवाद केला, तो सांगायलाच हवा. एक, नियम १६७अ प्रमाणे पंधरा दिवसांत सूचना पाठवायची असते आणि एसएमएस त्याच दिवशी गेला होता. दोन, कलम २०९ च्याच परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, म्हटलंय, की आरोपीच्या स्वतःच्या वागण्यामुळे नोटीस पोचली नसेल तर हे संरक्षण नाही. मोबाइल नंबर चुकीचा ठेवला तो आरोपीनेच. पहिल्यावर माझं उत्तर होतं : नियम कायद्याच्या पोटातून जन्मतो. कायद्यात ‘बजावणे’ किंवा ‘नोंदणीकृत टपाल’ असं लिहिलं असताना नियमाच्या आधाराने ते शब्द पुसता येत नाहीत. दुसऱ्यावर : कलम ४९ खाली मालकाने पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचं असतं, आणि त्याचा पत्ता बदललेलाच नव्हता. मोबाइल नंबरबद्दल त्या कलमात काही नाही. अचूक पत्ता पोलिसांच्या पडद्यावर असताना एक पत्र गेलं नाही, याचा दोष पत्त्याच्या मालकावर कसा टाकणार?

निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला. १ जुलैपासून नवे कायदे आले होते, पण आधीपासून चाललेला खटला म्हणून तो जुन्या संहितेप्रमाणेच संपला. न्यायाधीशांनी ६५ब आणि उपकरण या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाच्या बाजूने धरल्या. कलम २०९ ची अट पाळली गेलेली नाही आणि परंतुक इथे लागू पडत नाही, म्हणून दोषी ठरवता येणार नाही, हा निकालाचा पाया. पुढे फोटोबद्दल दोन वाक्यं होती : नोंदवलेला वेग आरोपीच्याच वाहनाचा होता हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही, शंकेचा फायदा आरोपीला. निर्दोष मुक्तता.

अशिलाला ती दोन वाक्यं हवी होती. नुसत्या नोटिशीच्या मुद्द्यावर सुटलो असतो, तर ‘चूक होती पण कागदात वाचला’ असं झालं असतं, असं तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटतं. पण वकील म्हणून मी कलम २०९ ला कमी लेखणार नाही. नोटीस वेळेवर मिळाली असती, तर फोटोतल्या खुणेवर विसंबून राहायची वेळच आली नसती. त्याला ट्रकवाला शोधता आला असता, आणि कदाचित उजव्या लेनमधली ती दुसरी गाडीही पोलिसांना सापडली असती. कारण ९७ ने कोणीतरी नक्की जात होतं, आणि ते सुटलं.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांसाठी वैधमापनशास्त्राचे नियम अधिसूचित केले. पडताळणी करून शिक्का मारलेलं यंत्रच वापरायचं, हा त्यांचा गाभा. यंत्राच्या अचूकतेवरचे वाद त्याने कमी होतील. या प्रकरणात मात्र यंत्र बरोबरच होतं. प्रश्न नेमाचा होता, आणि न पाठवलेल्या पत्राचा.

निकालानंतरचं एक काम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मुक्तता झाली तरी पोर्टलवर चलान थकीतच दिसत राहतं, ते कोणी आपणहून काढत नाही. आम्ही नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घेतली, ती जोडून वाहतूक शाखेला नोंद काढण्याचा अर्ज दिला, पोच घेतली. तरीही डिसेंबरच्या लोक अदालतीआधी पुन्हा मेसेज आला. तीच प्रत घेऊन पुन्हा जावं लागलं, तेव्हा कुठे नोंद निघाली. हा मेसेज या वेळी थेट अशिलाच्या फोनवर आला होता. साक्ष संपली त्याच आठवड्यात त्याने परिवहनच्या संकेतस्थळावर जाऊन गाडीच्या नोंदीतला एजंटाचा नंबर काढून स्वतःचा घातला होता.